भाकरी सोडली, तरी वजन का उतरत नाही?

पत्र थोडक्यात: सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या ३८ वर्षांच्या एका ताईंचे हे पत्र आहे. त्या घरी विड्या वळतात. यजमान यंत्रमागावर आहेत आणि त्यांना बहुतेक रात्रपाळी असते, आठ ते आठ. घरात सासूबाई आणि दोन शाळकरी मुले. ताईंची उंची पाच फूट एक इंच. पाच वर्षांत वजन ५४ किलोवरून ६६ वर गेले. त्यांनी भात पूर्ण बंद केला, चार महिन्यांपासून रात्रीची भाकरीही सोडली, पण काटा हलला नाही. दिवसभरात सहा कप चहा होतो आणि दुपारी कारखान्यात विड्या देऊन परतताना दहा रुपयांचा थंडा. यजमान पाळीत वीस रुपयांच्या एनर्जी ड्रिंकच्या दोन बाटल्या पितात. विषय काढला की म्हणतात, "पाण्यानं कुणी जाड होतं का?" रविवारी दोन लिटरची बाटली घरी येते. शेजारच्या अक्का वजन कमी करायची पावडर घ्यायला सांगतात, महिना अडीच हजारांची. ताई विचारतात: पावडर घेऊ का? यजमानांची सवय कशी सोडवू? आणि आमच्यासारख्या मोजून खाणाऱ्या घरात अंग सुटतेच कसे?

ताई, रात्रीची भाकरी आजपासून पुन्हा सुरू करा. बाकीचे सावकाश केले तरी चालेल, हे मात्र आजच करा.

ज्वारीची एक मध्यम भाकरी साधारण ६० ते ६५ ग्रॅम पिठाची होते. तिच्यातून २२० च्या आसपास कॅलरी मिळतात. आता तुमचा चहा बघू. चमचा सपाट भरला तर दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम. शिगोशीग भरला तर १४ सुद्धा होते, पण आपण कमीच धरू. सहा कपांची झाली ६० ग्रॅम. दुपारच्या बाटलीत २०० मिली थंडा असतो. अशा पेयांत १०० मिलीला १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे बाटलीची २१ ग्रॅम धरा. एकूण ८१ ग्रॅम. एका ग्रॅमच्या ४ कॅलरी, म्हणजे दिवसाच्या ३२४. चहातले दूध यात अजून धरलेलेच नाही. तुम्ही एक भाकरी सोडलीत आणि जवळजवळ दीड भाकरीची साखर रोज पीत राहिलात.

भाकरी चावावी लागते, तिच्यात कोंडा असतो, ती पोटात रेंगाळते. दोन-तीन तास भूक लागत नाही. गोड पाणी पोटातून भरभर पुढे सरकते. त्याने भूक भागल्याची नोंद नीट होत नाही, म्हणून पुढच्या जेवणात आपण तेवढे कमी खात नाही. प्यालेले खाल्लेल्याच्या वर जाऊन बसते. यजमानांचे म्हणणे साध्या पाण्यापुरते खरे आहे. त्यांच्या बाटलीतल्या पाण्यात मात्र साखर विरघळलेली आहे, आणि विरघळली म्हणून तिच्या कॅलरी कुठे जात नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली. दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. दिवसाला २,००० कॅलरी धरल्या तर ५० ग्रॅम, आणि जमल्यास २५. या आकड्यात चहा, थंडा, सरबत, बिस्किटे, शिरा असे सगळे धरायचे असते. तुमची नुसत्या पिण्यातूनच ८१ होते.

आता तुमचा तिसरा प्रश्न. त्यामागे एक लाज दिसते, म्हणून त्यावर थोडे थांबते. "आम्ही काही श्रीमंतासारखं खात नाही," असे तुम्ही लिहिले आहे. अंग सुटणे ही खाऊनपिऊन सुखी असल्याची खूण, हे समीकरण आता जुने झाले. आज सगळ्यात स्वस्त कॅलरी साखर, मैदा आणि तेलात मिळतात, तर डाळ, अंडी, भाजी, फळ महाग. पानपट्टीवरचा काचेचा फ्रिज बहुतेक वेळा पेयाच्या कंपनीनेच दिलेला असतो आणि पुढच्या रांगेत तिच्याच बाटल्या असतात. नळाला पाणी रोज येत नाही, साठवलेले पाणी मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत कोमट होते. अशा वेळी दहा रुपयांत अर्धा लिटर साधे पाणी घ्यायचे की दहा रुपयांतच गार, गोड, रंगीत काहीतरी? दमलेला माणूस थंडाच उचलणार. त्यात तुमचे काम आठ-दहा तास मांडी घालून, सूप मांडीवर घेऊन. यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा शोधू नका.

उलट एक शंका घ्यायला हवी. थंडा प्यायला की तरतरी येते, असे तुम्ही म्हणता. ती साखरेची असेल, कॅफिनची, म्हणजे झोप उडवणाऱ्या द्रव्याची, असेल. पण इतका थकवा मुळात येतोच का? वजन जास्त आणि रक्त कमी, ही जोडी एकाच शरीरात असू शकते आणि बायकांमध्ये पुष्कळदा असते. पोट भरते, पण लोह आणि प्रथिने मिळत नाहीत. त्यात जेवणाला लागून चहा घेतला तर जेवणातले लोह अंगी लागत नाही. तुमच्या सहातले दोन कप जेवणानंतर लगेच होतात. सगळ्यात आधी ते जेवणानंतर तासाभराने घ्यायला लागा.

तपासणी करून घ्या, पैसे लागणार नाहीत. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांचा रक्तदाब आणि रक्तातली साखर मोफत तपासतात. सोबत हिमोग्लोबिन करायला सांगा. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, आणि त्यावर गोळ्या तिथेच मिळतात. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ आली तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, १२६ किंवा वर आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांशी बोलायचे. वजनाबरोबर थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, केस गळणे, मासिक पाळीत बदल असे काही असेल तर थायरॉइडचेही विचारा. यजमानांनाही न्या. फार तहान, रात्री वारंवार लघवी आणि काही न करता वजन उतरणे असे त्यांच्यात काही दिसत असेल तर उद्याच न्या.

तुमच्या उंचीला ६६ किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) साडेसत्तावीस. आपल्याकडच्या लोकांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. साठच्या खाली आलात की तुम्ही २५ च्या आत. पण काट्यापेक्षा टेप बरी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता मोजा. बाईला ८० सेंटीमीटरच्या वर, पुरुषाला ९० च्या वर असेल तर पोटावरची चरबी त्रास देणारी आहे असे समजायचे. महिन्यातून एकदा मोजले तरी पुरे.

आता घरातली साखर. तुम्ही महिन्याला सहा किलो भरता, माणसे पाच. प्रत्येक घराला लागू पडणारा हिशेब असा: महिन्याचे ग्रॅम भागिले माणसे, भागिले तीस. ६,००० भागिले ५, भागिले ३०, म्हणजे माणशी रोज ४० ग्रॅम. बाटल्या वेगळ्या. तुमच्या वाट्याला सरासरीपेक्षा जास्त येते, कारण सर्वांत जास्त चहा तुमचा आणि सासूबाईंचा. कोण किती पितो यावर भांडण्यापेक्षा हा एक आकडा सगळ्यांसमोर ठेवलेला बरा.

चहाची साखर एकदम तोडू नका. एकदम बिनसाखरेचा चहा केला की तिसऱ्या दिवशी घर पुन्हा जुन्या चवीवर जाते, वर "तुझ्या चहाला चव नाही" हे ऐकावे लागते. जीभ हळूहळू कमी गोडाला सरावते, त्याला तीन-चार आठवडे लागतात. पाच कपांच्या आधणात तुम्ही दहा चमचे टाकता. पहिल्या आठवड्यात आठ, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात सहा, चौथ्यात पाच. चमचा एकच ठरवा, डब्यातच ठेवा आणि सुरीच्या पाठीने सपाट करा. बहुतेक घरांत हे इथेच फसते: चमचे कमी होतात आणि प्रत्येकावरची शीग वाढते. आले किंवा वेलची जरा जास्त टाकली तर गोडाची उणीव कमी जाणवते. कपही लहान करा. सहाचे चार कप झाले आणि प्रत्येकात एकच चमचा राहिला तर तुमची चहाची साखर ६० वरून २० ग्रॅमवर येईल. चहासोबतची खारी आणि बटर मात्र विसरू नका, त्यांच्यात मैदा आणि तूप-डालडा असतो. भूकच लागली असेल तर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे घ्या.

थंड्याचे गणित वेगळे आहे. चहा सवयीने होतो, पण बाटली तुमच्या घरात चार निरनिराळी कामे करते: गारवा देते, रात्री जाग आणते, दुपारचा घटकाभर विसावा देते आणि पाहुण्यांपुढे मान राखते. बाटली नुसती बंद केली तर ही चारही कामे उघडी पडतात, म्हणून ती परत येते. प्रत्येक कामाला वेगळा पर्याय लागेल.

गारव्यासाठी माठ. सोलापूरचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे माठ आपल्याकडे छान चालतो, पण ठेवायची जागा बहुतेकजण चुकवतात. माठातून झिरपलेले पाणी बाहेरून वाळते तेव्हाच आतले गार होते. मागाच्या कारखान्यात सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात. तिथे आत ठेवलेल्या माठाचे पाणी वाळतच नाही, मग कामगार म्हणतात, "माठाचं पाणी कोमटच असतं." तो दाराबाहेर सावलीत, वारा लागेल असा तिवईवर ठेवायचा आणि भोवती ओले गोणपाट गुंडाळायचे. घरीही चुलीजवळ किंवा बंद कोपऱ्यात नको. नवा माठ दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा. आतून साबण लावू नका, तो मातीत मुरतो. बाहेरून तैलरंग दिलेला माठ घेऊ नका, रंगाने छिद्रे बुजतात. जड पाण्याचे क्षार बसून एका हंगामानंतर गारवा कमी होतो, तेव्हा काथ्याने घासून बघा, नाहीतर बदला. पाणी ओगराळ्याने काढा, हात घातलेला पेला बुडवू नका. तुमच्या हाताला दिवसभर तंबाखूची धूळ असते, म्हणून पाणी पिण्याआधी हात धुणेही आलेच. कारखान्यातल्या दहा-बारा जणांनी मिळून मालकाकडे पाण्याच्या जारची मागणी केली तर ती मोठी मागणी नाही. एकट्या माणसापेक्षा सगळ्यांनी मिळून गेलेले बरे.

घाम फार येत असेल तर पाण्याबरोबर मीठही लागते, आणि यासाठी तुमच्या घरात बाटलीपेक्षा सरस वस्तू आधीपासून आहे: आंबील. रात्री तीन मोठे चमचे ज्वारीचे पीठ कपभर पाण्यात कालवून झाकून ठेवा. सकाळी तीन कप पाणी उकळून त्यात हे कालवण सोडा आणि सतत ढवळत सात-आठ मिनिटे शिजवा, नाहीतर गुठळ्या होतात आणि तळाला लागते. पूर्ण गार झाल्यावरच ताक घाला, गरम असताना घातले की फाटते. वरून ठेचलेला लसूण, जिरे, मीठ. चार पेले होतात, पोटाला आधार मिळतो आणि साखर शून्य. नुसते ताक करायचे तर एक वाटी दह्यात तीन पेले पाणी, चिमूटभर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. मे महिन्यात सकाळचे ताक दुपारपर्यंत फार आंबट होते. यजमानांना डब्यात घट्ट दही आणि वेगळी मीठ-जिऱ्याची पुडी द्या, तिथे माठाच्या पाण्यात घुसळून घेता येते. रक्तदाब जास्त निघाला तर मीठ डॉक्टरांना विचारून.

उलट्या-जुलाब झाले किंवा उन्हाने गळाल्यासारखे झाले, तर मात्र ताकाऐवजी औषधाच्या दुकानातून ओआरएसची एक लिटरची पुडी आणून एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शुद्ध हरपत असेल किंवा अंग तापून घाम थांबला असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, अंगावर पाणी ओतत थेट सिव्हिल गाठा. पुडीच सांगते आहे, कारण कागदी डब्यातली गोड पेये 'ओआरएस' नाव लावून विकली जात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते नाव पेयांना लावायला मनाई केली. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते. लिटरभर थंड्यात शंभरावर ग्रॅम साखर.

आता यजमानांची जाग. त्यांच्या बाटलीत साखरेबरोबर कॅफिन आहे, आणि तेच त्यांना उभे ठेवते. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकते, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत ७५ पर्यंत. दिवसाला ५०० मिलीच्या वर पिऊ नये आणि मुलांना, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला देऊ नये, अशी सूचना बाटलीवरच बारीक अक्षरात असते. घरातल्या मुलांनी ती चाखू नये याची काळजी घ्या. कॅफिनचा अर्धा अंश उतरायला पाच तासांच्या आसपास लागतात. दुसरी बाटली पहाटे चारला होत असेल तर नऊला झोपायला टेकल्यावर ती निम्मी अजून अंगातच. झोप कच्ची होते, संध्याकाळी अंग जड, म्हणून रात्री पुन्हा दोन बाटल्या. झोप अपुरी पडली की भूकही जास्त लागते, आणि तीही गोडाचीच.

दोन्ही एकदम बंद केल्या तर दोन-तीन दिवस डोके दुखेल, चिडचिड होईल, आणि चालत्या मागावर पेंग येणे धोक्याचे आहे. म्हणून पहाटेची बाटली आधी काढा. पहिले दोन आठवडे दहाच्या सुमाराची एक बाटली राहू द्या आणि एकच्या आधी एक कमी साखरेचा चहा. मग त्या बाटलीच्याही जागी चहा. एकनंतर पाणी, ताक, आणि डब्यात भाकरी-भाजीसोबत उकडलेले अंडे किंवा शेंगाचटणी.  सुट्टीच्या वेळात पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटता आले तर ती डुलकी बाटलीइतकी कामाला येते. दिवसा घरी त्यांची झोप सहा-सात तास सलग होईल असे बघा: खिडकीला जाड गडद कापड, मुलांना दुपारी सासूबाईंजवळ.

त्यांच्याशी बोलायचे कसे? पाळीवर निघताना किंवा मुलांसमोर नको. सांगण्यापेक्षा दाखवा. रविवारच्या बाटलीतला एक पेला झाकण न ठेवता रात्रभर बाहेर राहू द्या. सकाळी, फेस गेलेला आणि कोमट झालेला तो पेला त्यांना एक घोट घ्यायला लावा. पाकासारखा लागेल. थंडीने जिभेला गोडी कमी कळते आणि आंबटपणा उरलेली झाकतो. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीत जी साखर लागत नाही, ती अशी समोर येते. मग मुलीला बाटलीवरचा तक्ता वाचायला सांगा. १०० मिलीला शुगर किती तो आकडा गुणिले बाटलीचे मिली, भागिले १००. आलेल्या ग्रॅमला पाचाने भागले की चमचे. तेवढे चमचे साखर एका वाटीत काढून ठेवा. एनर्जी ड्रिंकमध्ये ब्रँडनुसार कमीजास्त निघेल, तुमचा तक्ता तुम्हीच वाचा.

दुपारचा विसावा तुमचा स्वतःचा आहे, तो सोडू नका. विड्या दिल्या, छाट, म्हणजे नाकारलेल्या विड्या, किती निघाली ते ऐकून घेतले, परत येताना काहीतरी स्वतःसाठी घ्यावेसे वाटणारच. तिथे लिंबूपाणी मिळत असेल तर मीठ-जिऱ्याचे मागा, नाहीतर त्या दहा रुपयांत दोन केळी किंवा हंगामातला पेरू. चावून खाण्याचे काहीही चालेल. आठवड्यातून एकदा थंडा प्यावासा वाटला तर प्या आणि मनाला लावून घेऊ नका. घरी काम करताना दर शंभर विड्यांना उठून पाणी पिऊन दोन मिनिटे चाला. हजारीत दहा वेळा, म्हणजे वीस मिनिटे. तीस-चाळीस विड्यांचे नुकसान होईल हे कळते, पण पाठ आणि गुडघे टिकतात. शौचालय लांब आहे म्हणून पाणीच कमी प्यायचे, असे पुष्कळ बायका करतात. त्याने लघवीची जळजळ आणि मुतखडा मागे लागतो.

दोन लिटरची बाटली घ्यायची थांबवा, कारण ती उघडली की संपवावीच लागते. गॅस जाईल म्हणून पाहुणे गेल्यावर उरलेली आपणच पितो. पाहुण्यांसाठी लिंबू-सरबत किंवा मसाला ताक लहान पेल्यात द्या. थंडाच हवा असेल तर माणसे मोजून लहान बाटल्या.

आरोग्यदायी म्हणून साखर परत येण्याच्या वाटाही माहीत असू द्या. गुळाच्या चहात साखरेइतक्याच कॅलरी असतात. रसवंतीच्या उसाच्या रसात १०० मिलीला १३ ते १५ ग्रॅम साखर, म्हणजे मोठा पेला थंड्याच्या बाटलीपेक्षा भारी. आंब्याच्या बाटलीबंद पेयात आंबा थोडा आणि साखर थंड्याइतकी किंवा जास्त. 'शून्य साखर' लिहिलेली बाटली यजमानांना काही आठवडे पायरी म्हणून चालेल. पण वजन उतरवायला अशा गोडव्यांवर भिस्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे, आणि जिभेची गोडाची सवय त्याने जात नाही.

पावडर घेऊ नका. ती विकणारे एक किंवा दोन जेवणे बंद करून तिच्यावर राहायला सांगतात, आणि वजन त्या बंद केलेल्या जेवणांमुळे उतरते. पैसे संपले, पावडर थांबली, जेवण सुरू झाले की वजन परत येते. डब्यावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक विक्रीच्या परवानगीचा असतो, गुण येईल याची हमी त्यात नसते. तुम्ही भाकरी सोडून जे चार महिने केलेत तेच हे अडीच हजार रुपये देऊन करायचे आहे. अक्कांशी संबंध बिघडवू नका, "डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलंय" एवढे पुरे.

पैशांचे बोलायचे तर बाटल्यांवर तुमचे आत्ताच किती जातात बघा. यजमानांच्या दोन, २६ पाळ्या: १,०४०. तुमचे २६० आणि चार रविवारचे चारेकशे. महिना १,७००. याच पैशांत आजच्या भावाने रोज अर्धा लिटर दूध आणि महिन्याला साठ अंडी येतात, लिंबू-शेंगदाण्यांना थोडे उरतात. सगळे लगेच वाचणार नाहीत. निम्मे वाचले तरी दही घरचे होईल.

आणि किती उतरेल? रोजच्या २४ कॅलरी कायमच्या कमी झाल्या की कालांतराने साधारण एक किलो उतरते, त्यातले निम्मे पहिल्या वर्षात, असा एक ढोबळ हिशेब आहे. चहा आणि थंडा मिळून तुमच्या रोजच्या २३० च्या आसपास कॅलरी कमी होतील. पण भाकरी आणि अंडे परत घेतल्यावर, खारी-बटर सुटल्याचे वजा जाता, शंभरेक परत येतील, यायलाच हव्यात. म्हणजे पहिल्या वर्षात अडीच-तीन किलो. "महिन्यात दहा किलो" ऐकलेल्या कानाला हे फार कमी वाटेल. पण उपाशी न राहता उतरलेले हे वजन टिकते, आणि साखर-रक्तदाबात फरक पडायला तीन-चार किलोही पुरतात. रात्री अंधार पडल्यावर अर्धा तास मुलांबरोबर चालून आलात तर थोडे अधिक.

पहिली तारीख जवळ आली आहे. किराण्याच्या यादीत या वेळी साखर सहाऐवजी साडेचार किलो लिहा, पुढच्या महिन्यात तीन. डबा संपला तरी मधेच पाव किलो आणायला मुलाला दुकानात पाठवायचे नाही, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. त्यांचे पाच कप आहेत, सगळ्यात आधी कुरकुर त्यांचीच होईल. त्यांच्यासाठी साखर आधणात न टाकता वाटीत मोजून द्या: दिवसाचे आठ सपाट चमचे, कुठल्या कपात किती घालायचे ते त्यांनीच ठरवायचे. दर आठवड्याला त्या वाटीतला एक चमचा कमी करा, पण तो त्यांच्या हातूनच काढा.